गॅसरूमचा पंखा

आमच्या डिपार्टमेंटमध्ये कुणाच्याही अंगावरची चांदी पांढरी राहत नसे. नव्याने रुजू झालेला मास्तर पहिल्या उन्हाळ्यातच तक्रार करायचा की अंगठी काळी पडली, सोनाराने फसवलं. आम्ही जुने लोक हसायचो. सोनाराचा काही दोष नव्हता. प्रयोगशाळेच्या टोकाला एक अरुंद खोली होती, तिला सगळे गॅसरूम म्हणत. त्या खोलीतून जे बाहेर यायचं ते आधी नाकाला कळायचं, मग चांदीला. काही वर्षांनी नाकाला कळेनासं व्हायचं. चांदीला कळत राहायचं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी निवृत्त होईपर्यंत बी.एस्सी.च्या मुलांना रसायनशास्त्र शिकवलं. या जूनमध्ये कॉलेजच्या हॉलमध्ये मी चार वाक्यं बोललो. त्यांचे आता गावात निरनिराळे अर्थ फिरताहेत. कोणी म्हणतो सरांना वयामुळे भ्रम झाला, कोणी म्हणतो कॉलेजवर राग काढला. एका मुलीला आम्ही चोर ठरवलं होतं आणि ती चोर नव्हती, एवढंच मला म्हणायचं होतं. ते नीट, पहिल्यापासून लिहितो.

बाहेरच्या माणसाला आमचा अभ्यासक्रम थोडा सांगायला हवा. तेव्हा तीन वर्षांची पदवी होती. कागदावर अकार्बनी, कार्बनी आणि भौतिक असे तीन पेपर, पण मुलांच्या लेखी खरी परीक्षा प्रॅक्टिकलची. प्रत्येकाला एक पुडी मिळायची. आत पांढरी किंवा मळकी पूड. तिच्यात कोणते धातू आहेत ते शोधून काढायचं. आम्ही त्या पुडीला सॉल्ट म्हणायचो. सॉल्ट पाण्यात विरघळवून त्यातून हायड्रोजन सल्फाईड सोडला की तळाशी साका बसायचा. काळा बसला तर शिसं किंवा तांबं, पिवळा बसला तर कॅडमियम. तो वायू गॅसरूममधल्या काचेच्या यंत्रात तयार व्हायचा. तीन गोळे एकावर एक बसवलेले, मधल्या गोळ्यात लोखंडाच्या सल्फाईडचे खडे, वर आम्ल, बाजूला एक तोटी. तोटी नीट बसली नाही तर यंत्र आपलं आपण चालू राहायचं. सडलेल्या अंड्याचा वास सुटायचा. भिंतीत वर एक्झॉस्ट पंखा होता, तो सगळं बाहेर ओढायचा. मागच्या बाजूच्या कडुनिंबाखाली सायकली लावायला मुलं तयार नसत.

या वायूचा एक गुण मी दरवर्षी फळ्यावर लिहून द्यायचो. थोडा असेल तर वास येतो, फार झाला तर नाक बधिर होतं आणि वास येणं थांबतं. वास थांबला की माणसाला वाटतं वायू गेला. मी हे वाक्य खाली रेघ मारून लिहायचो. परीक्षेत त्यावर दोन मार्कांचा प्रश्नही यायचा.

यंत्र गळतं का हे बघायची रीत साधी आहे. लेड अ‍ॅसिटेटच्या द्रावणात बुडवलेली कागदाची पट्टी आत धरायची. वायू असेल तर पट्टी काळी पडते. पट्ट्या आमच्या ड्रॉवरमध्ये असायच्या. पण त्या कोण काढत बसणार? माझ्या आधीच्या सरांपासून एक पद्धत पडली होती. आमची नाकं मेलेली, म्हणून जवळ जो विद्यार्थी असेल त्याला दारात उभं करायचं आणि विचारायचं, "काय रे, वास येतो का?" येतो म्हणाला की तोटी आवळायची. नाही म्हणाला की काम चालू. पोरांना यात मान वाटायचा. ज्याला सरांनी वास घ्यायला बोलावलं तो हुशार, असं समीकरणच होतं.

ती द्वितीय वर्षाला होती. फुलसावंगीकडची. गावात मावशीकडे राहून शिकायची. तिच्या हाताला शिस्त होती. परीक्षानळी कधी अर्ध्याच्या वर भरली नाही, बर्नरची ज्योत कधी फरफरली नाही. पायात चांदीचे जाड पैंजण, चालताना आवाज यायचा म्हणून ती प्रयोगशाळेत पाय दाबून चालायची. मी एकदा म्हणालो, "अगं, चोरासारखी काय चालतेस?" सगळे हसले. ती पण हसली. ते वाक्य मला पुढे फार महाग पडलं. खरं म्हणजे मला नाही, तिला.

एप्रिल होता. दुसऱ्या दिवसापासून प्रॅक्टिकल, आणि दुपारी बाहेरगावचे परीक्षक यायचे होते. त्यांना आम्ही एक्स्टर्नल म्हणतो. लहान गावच्या कॉलेजात एक्स्टर्नल येणं म्हणजे घरी व्याही येण्यासारखं. जेवणात काय, थंड पाणी कुठून, कूलर चालतो ना. ते खूश तर पोरांचे मार्क शाबूत. आणि नेमका त्या सकाळी स्टाफरूममधल्या कूलरचा पंखा जळला. आमच्याकडचे लोखंडी कूलर तुम्हाला माहीत असतील, तीन बाजूंना वाळ्याची ताटी आणि मागे एक्झॉस्टसारखाच पंखा. बाजारातला मिस्त्री म्हणाला, परवा देतो.

प्रयोगशाळेतल्या परिचराला आम्ही चाचा म्हणायचो. मी चाचाला म्हणालो, "गॅसरूमचा पंखा याच मापाचा आहे ना?"

"मापाचा तं हाये, सर."

"दोन दिवस लावून टाका कूलरला. एक्स्टर्नल गेले की परत तिथेच बसवू."

चाचा स्टुलावर चढले आणि स्क्रू काढता काढता म्हणाले, "खोलीचं नाक कापून पाहुण्याले पंखा घालता का, सर?"

मी म्हणालो, "पाहुणा नाराज झाला तर आपलं नाक कापतील."

आम्ही दोघंही हसलो. पंखा निघाला तिथे भिंतीत भोक राहिलं. त्यातून उन्हाची लू आत येत होती, म्हणून चाचांनी त्यावर खोक्याचा पुठ्ठा ठोकला. मीच म्हणालो होतो, ठोका.

त्यानंतर मी यंत्र भरलं. उद्यासाठी आम्ल ताजं घातलं. परीक्षेच्या सॉल्टच्या बाटल्या, नंबर टाकलेल्या, त्याच खोलीतल्या कपाटात रचल्या. कपाटाची किल्ली कुलुपातच राहिली. मी बाहेर येऊन बसलो तेव्हा ती जर्नलवर सही घ्यायला आली. सहीशिवाय परीक्षेला बसता येत नसे.

मी सही केली आणि नेहमीच्या सवयीने म्हणालो, "जरा गॅसरूमच्या दारात उभी राहा बरं. वास येतो का सांग."

ती गेली, नाकाला ओढणी लावून परत आली. "येते, सर. बराच येते."

मी आत जाऊन तोटी आवळली. मला काहीच जाणवलं नाही, पण मला कधीच जाणवायचं नाही. बाहेर आलो, दार लोटून घेतलं, जर्नल्सचा गठ्ठा संपवला. मग तिला पुन्हा पाठवलं. ती दार उघडून थोडी आत गेली, क्षणभर थांबली, आणि वळून म्हणाली, "आता नाही येत, सर."

"मग ठीक. तशीच आत जा आणि कपाटाशेजारच्या मांडणीवरून फिल्टर पेपरचा डबा आण. मी स्टाफरूममध्ये कूलर बघून येतो."

"हो, सर."

आत जाताना पैंजणांचा आवाज आला. त्या दिवशी ती पाय दाबून चालत नव्हती.

मी स्टाफरूममध्ये गेलो. चाचांनी कूलर सुरू केला होता. वाळ्याचा थंड वास असेल, मला तोही येत नव्हता. हवा मात्र गार होती. मी शर्टाचं वरचं बटण काढून त्याच्यासमोर उभा राहिलो. कूलर नवीन पंख्याने घरघरत होता, इतका की चाचा काय बोलले ते मला दोनदा विचारावं लागलं. शेजारच्या खोलीत कोणी पडलं तर ऐकू येण्याची सोय नव्हती. जिथे त्या पंख्याची गरज होती तिथून काढून आणलेल्या पंख्याच्या वाऱ्यात मी उभा होतो आणि मला बरं वाटत होतं. हे मी कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

परत आलो तेव्हा प्रयोगशाळा शांत होती. टेबलावर तिचं जर्नल, त्यावर पेन. मी हाक मारली. दार उघडलं तर ती कपाटाजवळ जमिनीवर पडली होती, डोकं मांडणीच्या खालच्या फळीला टेकलेलं, एक हात वर मांडणीकडे. पडताना कपाटाचं दार तिच्या धक्क्याने उघडलं असावं. सॉल्टच्या बाटल्या समोर दिसत होत्या. मी श्वास रोखून तिला पायाकडून ओढली. बाहेर उन्हात आणल्यावर तिने एकदा खोल, घोरल्यासारखा श्वास घेतला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

जीप आली, तिला यवतमाळला नेलं. सगळं कॉलेज फाटकापाशी धावलं. तेवढ्या गडबडीत मी चाचांकडे पाहिलं. मी फक्त म्हणालो, "पंखा." त्यांनी मान हलवली. लोक परत यायच्या आत पुठ्ठा निघाला होता आणि पंखा जागेवर बसला होता, चालूही होता.

दुपारी एक्स्टर्नल आले. कूलर बंद. ते उकाड्याने वैतागले, वर्तमानपत्राने वारा घेत बसले, आणि तरी दुसऱ्या दिवशी मार्क सढळ हाताने दिले.

प्राचार्यांनी मला बोलावलं. तेव्हाचे प्राचार्य वाईट माणूस नव्हते, घाबरलेले होते.

"तुम्ही कुठे होतात?"

"स्टाफरूममध्ये."

"पंखा?"

"चालू आहे ना, सर. बघा."

"मग ती आत काय करत होती? कपाट उघडं, सॉल्ट समोर, उद्या परीक्षा."

ते माझ्याकडे बघत राहिले आणि माझ्या गप्प बसण्याचा त्यांना हवा तो अर्थ त्यांनी घेतला. सॉल्ट बघायला गेली, घाईत तोटीला हात लागला, आणि पडली. गोष्ट बसत होती. वर्गाला माझं ते 'चोरासारखी काय चालतेस'ही आठवलं. मी त्यात एकही खोटा शब्द बोललो नव्हतो. निवृत्तीपर्यंत मी स्वतःला हेच सांगत आलो.

ती वाचली. पण त्या सकाळचं तिला काही आठवत नव्हतं. उठली, मावशीकडे चहा प्यायली, तिथपर्यंत आठवायचं. पुढे एकदम दवाखान्याचं छत. आणि तिचा वास गेला. डॉक्टर म्हणाले होते परत येईल. आला नाही.

काही दिवसांनी तिचे वडील तिला घेऊन कॉलेजात आले. प्राचार्यांनी पोलीस आणि विद्यापीठ दोन्ही टाळलं होतं, त्या बदल्यात वडिलांनी मुलीचं नाव काढून न्यावं असं ठरलं होतं. ते त्यासाठीच आले होते. पण आधी माझ्या टेबलापाशी आले आणि खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत तिचे पैंजण होते. कोळशासारखे काळे.

"सर, तुमी केमिस्ट्रीवाले. हे असे कायनं झाले?"

मी पैंजण हातात घेतले. मग तिच्या कानांकडे पाहिलं. कानातल्या चांदीच्या रिंगा जेमतेम पिवळसर झाल्या होत्या. हा वायू हवेपेक्षा जड. तोटीला क्षणभर हात लागला म्हणून पैंजण असे होत नाहीत. ती जाण्याच्या किती तरी आधीपासून वायू त्या बंद खोलीत तळाशी साचत होता आणि ती त्यात पडून राहिली होती. कोणत्याही रसायनशास्त्राच्या माणसाने ते पैंजण वाचले असते. तिथे वाचता येणारा माणूस मीच होतो.

"वायूनं होतात," मी म्हणालो. "चिंचेनं घासा. निघेल."

"माह्यी पोट्टी चोर नाही, सर," ते म्हणाले. "तिले चोऱ्या करायची गरजच काय? तुमीच म्हणत होते ना, हिचा हात चांगला हाये."

मी पैंजण परत रुमालात ठेवले. ती मागे उभी होती. मान वर करून तिने मला विचारलं, "सर, मी कायले गेलती आत?"

खोलीत आम्हा तिघांशिवाय कोणी नव्हतं. मी म्हणालो, "मला कसं माहीत असणार, बाई?"

तिने मान हलवली. माझ्या शब्दावर तिचा विश्वास होता, जसा फळ्यावरच्या समीकरणांवर असायचा.

पुढे अभ्यासक्रम बदलला. गॅसचं यंत्र सिलॅबसमधून गेलं, गॅसरूम अडगळीची खोली झाली. चाचा वारले. माझी चांदीची अंगठी पांढरी राहू लागली. मला वाटलं होतं, आता विचारणारं कोणी उरलं नाही.

या जूनमध्ये कॉलेजने नव्या चार वर्षांच्या पदवीची माहिती द्यायला पालकांना बोलावलं. मेजर, मायनर, क्रेडिट, कौशल्याचे कोर्स, हे सगळं पालकांच्या डोक्यावरून जातं, म्हणून रसायनशास्त्राबद्दल चार शब्द बोलायला एक जुना मास्तर हवा होता. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. हॉलबाहेरच्या बाकावर बसलो होतो तेव्हा एक बाई समोर येऊन उभी राहिली. सोबत तिची मुलगी, उंच, हातात गुणपत्रिकेची प्लास्टिकची पिशवी.

"सर, ओळखलं का?"

मी ओळखलं नाही. तिने फुलसावंगी म्हटलं आणि मी तिच्या पायांकडे पाहिलं.

ती आता दिग्रसला असते. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब बघतो. मुलीला केमिस्ट्रीच घ्यायची आहे, आणि इथेच, कारण मावशी अजून इथे आहे.

"मुलीचा हात माह्याहून चांगला हाये," ती म्हणाली. "अन् नाक तं विचारूच नका. मले तं काही समजत नाही ना, सिलिंडर लावला का हिलेच इचारा लागते. लहानपणापासून हीच घराचं नाक."

"आई, चल ना," मुलगी म्हणाली. तिचे डोळे लाल होते.

मग ती बाई माझ्या शेजारी बाकावर बसली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "आत टेबलावर तुमचा जुना क्लार्क बसला हाये. त्यानं नाव वाचलं अन् बाजूच्याले म्हणे, हिची माय म्हणजे थेच, सॉल्ट चोरणारी. हसून राह्यले होते दोघं. पोरीनं ऐकलं. आता मले इचारते, आई, तू खरंच चोरलं होतं का? सांगितल्याशिवाय फॉर्म भरत नाही म्हणते. मी काय सांगू, सर? मलेच माहीत नाही. इतके वर्ष झाले, मी रोज इचार करतो. असंन बी. पोरगी होतो, भीती असंन परीक्षेची. तुमाले काही आठवते का?"

तिने मला तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला होता. हॉलमधून माझं नाव पुकारलं गेलं. आत पंखे फिरत होते. मला वाटलं, उठून आत जावं.

मी म्हणालो, "तू चोरायला गेली नव्हतीस. मी पाठवलं होतं तुला."

मग सगळं सांगितलं, कूलर, पंखा, पुठ्ठा, डबा. मुलगी माझ्याकडे बघत होती. बाई समोरच्या भिंतीकडे.

"मी काही म्हटलं होतं का, जायच्या आधी?"

"तू म्हणालीस, आता नाही येत, सर."

"अन् तुमी?"

"मी म्हणालो, मग ठीक."

ती म्हणाली, "पैंजण मी घासून घासून झिजवले, सर. चिंचेनं." आणि उठली. "हे आत सांगा. त्या क्लार्कपुढं. सगळ्यायपुढं."

मी आत गेलो. माईकवरून मी जे बोललो ते चार वाक्यांच्या वर नव्हतं. आवाज नीट निघाला नाही. आजचे प्राचार्य अर्ध्यात माझ्या कोपराला हात लावून म्हणाले, "सर, ते जाऊ द्या, कोर्सबद्दल बोला." क्लार्क टेबलावरचे कागद सारखे करत होता. मागून एका पालकाने विचारलं की हॉस्टेल आहे का. मी तिचं नाव घेतलं, मी पाठवलं होतं म्हणालो, आणि खाली उतरलो.

त्या दोघी बाहेर पडल्या होत्या. मी शोधत गेलो तर प्रयोगशाळेच्या टोकाला, गॅसरूमच्या दारापाशी उभ्या दिसल्या. दार उघडं होतं. आत मोडकी स्टुलं, धूळ खाल्लेल्या बाटल्या, आणि मांडणीवर ते तीन गोळ्यांचं यंत्र, कोणी रिकामं केलं होतं की नाही देव जाणे. भिंतीतलं पंख्याचं भोक पुन्हा पुठ्ठ्याने बंद होतं.

मुलीने पाऊल उचललं होतं. आईने तिचा दंड धरला.

"वास येते का गं?"

मुलीने नाक वर केलं. "नाही, आई. काहीच नाही."

"नाही येत तं थांब," आई म्हणाली. "नाही येत म्हणजे आत जायचं नाही."

तिने मला पाहिलं होतं. मी ड्रॉवरकडे गेलो, वायूने काळ्या पडणाऱ्या त्या पट्ट्या आता कोणत्या ड्रॉवरमध्ये ठेवतात ते मला माहीत नव्हतं, एकेक उघडून बघू लागलो. त्या दोघी दारातच उभ्या राहिल्या.